आईचं पीएम किसान: नऊ महिने ‘प्रलंबित’

बाबा नोव्हेंबर 2021 मध्ये गेले. वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि बहिणीचं नाव, हे सगळं तलाठी भाऊसाहेबांनी सरळ करून दिलं. त्याबद्दल तक्रार नाही. अडलं ते पुढे.

मार्च 2023 मध्ये सेवा केंद्रातून पीएम किसानसाठी, म्हणजे जमीनधारक शेतकऱ्यांना हप्त्याने पैसे देणाऱ्या केंद्राच्या योजनेसाठी, आईची नोंदणी केली. त्यानंतर कधीही स्टेटस उघडा, ‘तालुका स्तरावर प्रलंबित’. पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी तेच. सुट्टी काढून पुण्याहून गेलो. तहसीलमध्ये म्हणाले, हे काम आता कृषीकडे. कृषीवाले म्हणाले, जमिनीची पडताळणी महसूलची, त्यांच्याकडून आल्याशिवाय आम्ही काय करणार? दोन्ही कार्यालयांच्या मध्ये फक्त एक रस्ता. त्या दिवशी तो चार वेळा ओलांडला.

पुढच्या खेपेला एका क्लार्कने अखेर अर्ज उघडून वाचला. “जमीन 2022 ला नावावर आली. 1 फेब्रुवारी 2019 नंतरची चालत नाही.”

म्हटलं, साहेब, विकत नाही घेतली, वडील वारले.

“ते यात कुठं दिसतंय?”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरंच दिसत नव्हतं. सेवा केंद्रातल्या पोराने फक्त नवा सातबारा चढवला होता. वारसाने आलेली जमीन त्या तारखेनंतरची असली तरी चालते, पण बाबांच्या नावाचा 2019 आधीचा उतारा आणि वारसाचा फेरफार दोन्ही जोडायला हवेत. एवढं एक वाक्य नऊ महिन्यांत कुणाच्या तोंडून निघालं नाही! नुसतं ‘त्रुटी’ असं लिहून परत पाठवला असता तरी मी पाया पडलो असतो.

कागद जोडून गेलो तर नवीन फाटा. “मुलगा टॅक्स भरतो ना? मग बाद.” या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, मुलं. मी अडतीस वर्षांचा घोडा. नियम मोबाईलवर काढून मोठ्याने वाचला, मागची रांग हसायला लागली. तो नियम तुम्हीही जवळ ठेवा.

केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आईच्या बोटांचे ठसे उठेनात, आयुष्यभर खुरपणी केलेली बोटं ती. पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून काम होतं, उगाच तीन चकरा मारू नका. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: घरातलं माणूस गेलं की लगेच कळवा. बाबांच्या खात्यात 1 जानेवारी 2022 चा हप्ता आला, तो परत भरावा लागला.

तालुक्याला आईला मोटारसायकलवर न्यायचा तो आमची जमीन बटईने करणारा. एकदा त्याने विचारलं, “दादा, आमचं नाही का बसत यात?” म्हटलं, सातबारा लागतो. “मग राहू द्या,” म्हणाला आणि गाडीला किक मारली. पेरणी त्याची, फवारणी त्याची, हप्ता आमचा. मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

डिसेंबरात मंजुरी आली. 28 फेब्रुवारी 2024 ला यवतमाळच्या कार्यक्रमातून हप्ता सुटला, आईचे दोन हजार त्यातच आले. राज्याच्या नमो शेतकरीचे वर्षाला सहा हजारही याच यादीवरून मिळतात, म्हणून इथं अडलात की दोन्हीकडचे जातात. आईला मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली, “तुझ्या येण्याजाण्याचे किती गेले?” तो हिशेब मी अजून सांगितलेला नाही.