अडचण कुठून आणायची?

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईच्या नवऱ्याकडे लोक फार निरखून बघतात. एखाद्या कार्यक्रमात ओळख करून दिली, की वाचक आधी माझ्याकडे बघतात, मग यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि या दुसऱ्या खेपेला नजरेत थोडी कणव असते. आमचे हे जन्मभर विमा कंपनीत होते. पावसात भिजत गाणी म्हणणं सोडाच, पाऊस आला की आधी खिडक्या लावतात. "सगळं अनुभवातून लिहिता का हो?" हा जिभेवर आलेला प्रश्न लोक त्यांच्याकडे बघून गिळून टाकतात.

खरं सांगायचं तर प्रेम मला सुचावं लागतच नाही. ते कुठेही मिळतं. सुचावी लागते ती अडचण. दोघं एकमेकांना आवडली, घरच्यांना आवडली, कार्यालयाची तारीख मिळाली, यावर फार तर दीड पान होतं. प्रकाशकांना दोनशे हवी असतात. उरलेली सगळी पानं अडचणीने भरायची असतात, आणि माझा लेखनाचा बहुतेक वेळ ती शोधण्यात जातो. सकाळी पोळ्या लाटताना, दुपारी बँकेच्या रांगेत, रात्री दार नीट लावलंय का बघताना डोक्यात एकच विचार: आता यांना कसं अडवू?

आधीच्या लेखकांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. ना. सी. फडके (१८९४–१९७८) पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पण महाराष्ट्राने लक्षात ठेवले ते प्रणयकथांसाठी. कथानकात गुंता कसा घालायचा आणि कसा सोडवायचा, याचं तंत्र त्यांनी मांडून दाखवलं. तंत्र त्यांचं खरंच, पण कच्चा माल समाज फुकट पुरवत होता. मुलाने मुलीकडे वही मागितली, तरी तेवढ्यावर एक प्रकरण उभं राहायचं.

माझ्या तरुणपणीसुद्धा पी.पी. नंबर होता. फोन शेजाऱ्यांचा आणि निरोप आपला. "तुझा फोन आलाय गं!" असं समोरच्या काकू जिन्यातून ओरडल्या की तिन्ही मजल्यांना कळायचं, आणि पलीकडून मुलाचा आवाज आला असेल तर काकू कणकेचे हात तसेच ठेवून तिथेच उभ्या राहायच्या. त्या एका फोनवर आजही चाळीस पानं निघतील. मोबाइलने हा धंदा बसवला. गैरसमज मूळ धरायच्या आत दोन निळ्या टिका येतात. पूर्वी स्टॉपवर ताटकळणारा नायक आता तिचं लोकेशन बघतो आणि वेळ आहे म्हणून मिसळ खाऊन घेतो.

कायदा मात्र अजून थोडाफार आमच्या बाजूने आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि ३० दिवस थांबावं लागतं, कुणाची कायदेशीर हरकत असेल तर ती यावी म्हणून. तीस दिवस! कादंबरीकाराला याहून मोठं अनुदान सरकारने दिलेलं नाही. नायिकेच्या एखाद्या दूरच्या काकांनी तो फलक वाचला की झालं. आणि पुण्यात फलक लावलाय आणि तो कुणी वाचला नाही, असं आजवर घडलेलं नाही.

पण माझी खरी भिस्त पुणे शहरावर आहे. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता घ्या. दोन्ही एकदिशा, एकमेकांच्या उलट. नायकाला फर्ग्युसन रस्त्यावर ती दिसली आणि ब्रेक दाबायला क्षणभर उशीर झाला, की त्याला गाडी वळवता येत नाही. पुढे जायचं, वळायचं, जंगली महाराज रस्ता अख्खा पार करायचा, पुन्हा वळायचं, आणि तोवर ती कॉफी पिऊन निघून गेलेली असते. एवढी विरहाची सोय कुठल्या महापालिकेने केली आहे?

दुसरी सोय स्कार्फची. पुण्यातली मुलगी दुचाकीवर बसली की डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळून घेते. उन्हासाठी, धुळीसाठी, आणि समोरून येणाऱ्या मामांसाठी. त्यामुळे नायिकेच्या रूपाचं जे वर्णन आमच्या पूर्वसूरींनी पान पान केलं, ते मला सिग्नलवर करताच येत नाही. माझे नायक आधी डोळ्यांच्या, मग हेल्मेटच्या आणि मग गाडीच्या नंबराच्या प्रेमात पडतात. एमएच १२ असेल तर ठीक. एमएच १४ निघाला, म्हणजे ती पिंपरी-चिंचवडची, तर आमच्या पेठेतल्या वाचकांच्या दृष्टीने तो आंतरप्रांतीय विवाह.

आणि झेड ब्रिज. संध्याकाळी या पुलावर गाड्या ओळीने लावलेल्या असतात आणि त्यांवर जोडपी नदीकडे तोंड करून बसलेली असतात. रहदारीकडे सगळ्यांची पाठ. मी तिथून मुद्दाम हळू चालत जाते. कानावर काय पडतं? "तू परवा आईला काय बोललास?" "ईएमआय किती बसेल?" "तुझ्या त्या मित्राला मी आवडत नाही ना?" क्वचित भांडण, पुष्कळदा नुसती शांतता. चंद्राचा उल्लेख मी तिथे कधी ऐकलेला नाही. मी तो घालते, कारण वाचकांना हवा असतो.

भिडे पूल तर मी स्वतः बांधला असता, इतका मला सोयीचा आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा बुटका पूल मुठेखाली जातो, पेपरात क्युसेकचे आकडे येतात आणि लोक छत्र्या घेऊन बघायला जातात. एका कादंबरीत मी नायक डेक्कनला ठेवला, नायिका नारायण पेठेत, आणि मधे पाणी सोडलं. डोळे भरून यावेत असा प्रसंग. आमच्या यांनी कच्चा मजकूर वाचला. ते फक्त रस्त्यांसाठी वाचतात. प्रेमाची पानं उलटून टाकतात आणि चौक आला की चष्मा लावतात.

"हा झेड ब्रिजने का जात नाही? शेजारीच तर आहे."

प्रसंग हातचा जाऊ नये म्हणून मी नायकाला कर्ज काढून चारचाकी घेऊन दिली. झेड ब्रिज फक्त दुचाकींसाठी.

"मग लकडी पूल आहे की."

"संध्याकाळी सात वाजता? पाऊस पडत असताना?" मी विचारलं.

त्यावर ते गप्प बसले आणि तेवढं प्रकरण तसंच छापून आलं.

आमच्या जमातीकडे लोक जरा वरूनच बघतात, हे मला ठाऊक आहे. प्रेमकथा वाचतात सगळे, पण दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवतात दुसरंच काही. लहानपणी वाचनालयात चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांची पानं सुटी झालेली असायची, इतकी ती फिरायची. त्यांच्यावर मात्र अडचण शोधायची वेळच आली नाही. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये ते सुटले. कथा फारशी उच्च दर्जाची नसेल, काही ठिकाणी अभिरुचीहीनही असेल, पण अश्लील नाही, अशा अर्थाचं न्यायालय म्हणालं. आरोपातून सुटका आणि परीक्षण, दोन्ही एकाच निकालात! त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीवर बेतलेला हिंदी चित्रपट आला आणि धो धो चालला, हे त्यावरचं उत्तर समजायला हरकत नाही.

इंग्लंडच्या बार्बरा कार्टलंड यांनी सातशेच्या वर पुस्तकं लिहिली, सोफ्यावर आडवं पडून सेक्रेटरीला तोंडी सांगत. मी आडवी पडले की मला झोप लागते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते, कारण तिथे कुकरच्या शिट्या मोजण्याचं निमित्त असतं आणि कुणी "काय लिहितेस?" विचारलं तर वही सहज वाणसामानाच्या यादीखाली सरकवता येते. अजूनही.

एक गोष्ट मला कधी लिहायला जमलेली नाही. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानाबाहेर एक आजोबा उभे असतात. म्हणजे दर वेळी वेगळे, पण उभे असतातच. एका हातात बायकोची पर्स, दुसऱ्यात भाजीची पिशवी, खांद्याला छत्री. आत आजींचं चाललेलं असतं. आजोबा चिडलेले नसतात, खूशही नसतात. समोरच्या दुकानाची पाटी वाचून होते, मग शेजारची. मधेच पर्स घट्ट धरून बघतात. त्यांना काही अडचण नाही, त्यामुळे माझ्या उपयोगाचे नाहीत. मी त्यांना नायकाचे वडील म्हणून कुठल्या तरी कोपऱ्यात उभं करते आणि पुढे जाते. गंमत अशी, की वाचकांची पत्रं येतात ती बऱ्याचदा त्या वडिलांबद्दल. त्यांच्यावर एक वेगळी कादंबरी लिहा म्हणतात. काय लिहू? साडी पसंत पडली आणि दोघं रिक्षाने घरी गेली?

सध्या हाती आहे त्या कादंबरीत नायिका शिवाजीनगरची आहे आणि नायकाचं ऑफिस हिंजवडीला. जात, पैसा, पत्रिका, कशाचाच प्रश्न नाही, दोघांच्या आया तर एकाच भजनी मंडळात. तरीही संध्याकाळच्या ट्रॅफिकमुळे पहिली दीडशे पानं त्यांची धड भेट झालेली नाही. तो पोचतो तेव्हा तिच्या घरी जेवणं आटोपलेली असतात. आतापर्यंतच्या माझ्या कादंबऱ्यांत हीच सर्वांत जमली आहे, असं मला वाटतं. फक्त गणेशखिंड रस्त्याने जाताना हिंजवडी मेट्रोचे खांब दिसतात आणि छातीत धस्स होतं. प्रकाशकांना सांगून ठेवलंय, काहीही करा, पण पुस्तक यंदाच्या दिवाळीच्या आत काढा.