मुंगी

सुई टोचल्याबरोबर बाळ रडत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लेक दीड महिन्याची होती. टोचल्यावर आधी डोळे मोठ्ठे झाले, मग चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत लाल होत गेला, तोंड उघडलं, जीभ थरथरली, आणि आवाजच येईना. ती दोन सेकंदं कुठल्याही भोकाडापेक्षा वाईट. भोकाड फुटलं तेव्हा मला उलट हायसं वाटलं: श्वास घेतला एकदाचा!

मी मात्र तिला टेबलावर निजवून भिंतीकडे तोंड करून उभी होते. पुढच्या खेपेला नर्सबाईंनी ती संधीच दिली नाही. म्हणाल्या, ‘‘पाजायला घ्या तिला, माझं काम मी करते.’’ दूध चालू, चोखणं चालू. मांडीत सुई गेली तशी ती थांबली, दचकली, रडली, आणि अर्ध्या रडण्यातूनच पुन्हा प्यायला लागली. नंतर नुसते हुंदके, तेही दुधात मिसळलेले.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली लशीच्या वेळचं दुखणं कमी करण्याबद्दल जे सांगितलं, त्यात हेच आहे. बाळाला कुशीत धरा, जमेल तर पाजत राहा. एकाच दिवशी दोन-तीन लशी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी. आधीच तापाचं औषध पाजून ठेवू नका (मी बाटली घेऊन तयारच होते). गंमत म्हणजे 1980च्या दशकापर्यंत बऱ्याच डॉक्टरांचा समज होता की तान्ह्या बाळांना आपल्यासारखं दुखत नाही. त्यांच्यावर जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रियाही व्हायच्या. तो लाल होत जाणारा चेहरा या लोकांनी पाहिलाच नसेल, की पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं असेल?

तान्ह्या बाळाचं एक बरं, त्याला बोलून फसवता येत नाही. फजिती होते ती पोर बोलायला लागल्यावर. वर्षभर आपणच ‘‘जेवली नाहीस तर डॉक्टर सुई देतील’’ म्हणून धाक घालायचा, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी लाडीगोडीनं म्हणायचं, ‘‘काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल!’’

पाच वर्षांची लेक खुर्चीत बसल्यावर बाही वर करून शोधायला लागली. ‘‘कुठंय मुंगी?’’

सुई टोचून झाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि आवाजात शुद्ध संताप: ‘‘ती मुंगी नव्हती!’’

पुढचे कित्येक दिवस खोकल्याचा चमचा पुढे केला तरी विचारायची, ‘‘यात मुंगी आहे?’’ माझी पत संपली होती.

पुढच्या वर्षी फ्लूच्या लशीला निघताना जिन्यातच सांगून टाकलं, ‘‘दुखणार आहे. पण दहा आकडे म्हणून होईपर्यंतच.’’ तिनं थोडा विचार केला. ‘‘सावकाश म्हणायचे की भराभर?’’ तुला हवे तसे, म्हटलं. तिथे मांडीवर बसवलं, पाठ माझ्या पोटाला टेकलेली, मोकळा हात माझ्या मुठीत. एक, दोन, तीन, आणि ‘चाऽऽऽर’ असा ताणला की बाहेरच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. सहाला सुई बाहेर. डॉक्टर ‘‘झालं झालं’’ म्हणत होते, पण बाईसाहेब काही उठेनात. मुसमुसत सात, आठ, नऊ, दहा पुरे केले आणि मगच मांडीवरून उतरल्या.

परवा अंगणात तिला खरोखरची मुंगी चावली. मी धावले. ती एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा अंगठा निरखत होती.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘एवढंच?’’