पत्र्याच्या डब्यातलं मैदान

आपल्या शाळेत फोटोग्राफी शिकायला कॅमेरा लागत नव्हता, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. चित्रकलेच्या सरांनी आम्हाला आठवीत दूध पावडरच्या रिकाम्या डब्याचा कॅमेरा करायला लावला. डबा आतून काळा रंगवायचा. बाजूला छोटी चौकोनी खिडकी कापून तिच्यावर ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि त्याला बारीक सुईच्या टोकाने भोक पाडायचं. मग पत्रा पॉलिश पेपरवर हलकेच घासायचा, नाहीतर भोकाला कडा राहते आणि चित्र धुरकट येतं. भोकावरची काळी चिकटपट्टी म्हणजे शटर. आत, भोकाच्या समोर, ब्रोमाइड पेपरचा, म्हणजे उजेड लागलेला भाग रसायनात काळा होणाऱ्या फोटोच्या कागदाचा, तुकडा. भिंग नाही, बटण नाही.

प्रयोगशाळेशेजारची सामानाची खोली ही आमची डार्करूम. खिडकीला काळा कागद, वर लाल बल्ब, बाकावर तीन ट्रे: चित्र उमटवणारा डेव्हलपर, पाणी आणि चित्र पक्कं करणारा हायपो. डेव्हलपरमध्ये कागद हलवत राहिलं की आधी आभाळ काळं होत जायचं, मग इमारतीच्या रेघा उमटायच्या. सगळं उलटं, ऊन काळं आणि सावली पांढरी. तो कागद कोऱ्या ब्रोमाइडवर पालथा घालून वर काच दाबायची, क्षणभर पांढरा दिवा लावायचा आणि पुन्हा तेच तीन ट्रे. मग सुलटं चित्र.

माझा पहिला धड उमटलेला फोटो मधल्या सुट्टीतल्या मैदानाचा होता. अर्धी शाळा मैदानावर होती. लंगडी, कबड्डी, नळावरची ढकलाढकली, सगळं चालू. मी डबा कट्ट्यावर ठेवून भर उन्हात मिनिटभर पट्टी उघडली. कागदावर आलं ते ओसाड मैदान. कडुलिंब होता, झेंड्याचा खांब होता, डब्यात कागद वाकलेला असल्यामुळे धनुष्यासारखा वाकलेला व्हरांडा होता आणि घंटेखाली स्टुलावर बसलेले शिपाईमामा होते. पोरांपैकी एकही नाही! जो हलला तो कागदाला दिसलाच नाही.

तेव्हा सरांनी पॅरिसच्या फोटोची गोष्ट सांगितली. १८३८ साली दागेर या फ्रेंच फोटोग्राफरने एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्याच्या पद्धतीत चित्र उमटायला काही मिनिटं लागायची, म्हणून गाड्या, घोडे, माणसं सगळं पुसलं गेलं. उरला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस. माणसाची छबी असलेल्या अगदी पहिल्या फोटोंत त्याची गणना होते, आणि तो कोण होता हे कुणालाच ठाऊक नाही.

मी मात्र माझ्या फोटोतल्या मामांकडे बघत बसलो. खांद्यावर टॉवेल, मांडीवर हात आणि स्टुलाखाली बांधलेला डबा. सगळी शाळा जेवत असताना यांचा डबा बांधलेलाच का? दुसऱ्या दिवसापासून लक्ष ठेवलं. घंटा चुकायला नको म्हणून मामा सुट्टी संपवणारी घंटा देऊन मगच जेवायला बसायचे. आम्ही चार वर्षं त्यांच्यासमोर डबे खाल्ले होते.

सर्जनशीलता म्हणजे काहीतरी भन्नाट सुचणं, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. नेहमीच्या गोष्टीपाशी जरा जास्त वेळ थांबलं की तीच आपल्याला सुचवते. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांच्याकडे ना नट होते ना पैसा. त्यांनी कुंडीत बी पेरलं आणि महिनाभर रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर रोपटं बघता बघता वाढलं. ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसे लावणारे पुढे आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला.

मी द्राक्षाची शेती करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेतल्या एकाच खांबापाशी उभा राहून रोज सकाळी त्याच वेळी मी एक फोटो घेतो. पोंगा म्हणजे फुटणारा कोंब, पहिली पानं, घड, सगळं त्यात येतं. एका हंगामात ते फोटो ओळीने लावून पाहिले, तर पूर्वेच्या बांधाकडच्या ओळी रोजच सावलीत आणि ओल्या दिसत होत्या. बांधावरच्या झाडांमुळे तिथलं दव उशिरा सुकायचं, आणि डावणी हा ओलाव्यात वाढणारा बुरशीचा रोग दरवर्षी त्याच कोपऱ्यातून सुरू व्हायचा. फवारणी आम्ही सगळ्या बागेला सारखीच करत आलो होतो. झाडांच्या फांद्या उतरवल्या, तो कोपरा वेगळा सांभाळायला लागलो आणि औषधाचा खर्च उतरला.

फोटो मी मोबाइलवरच घेतो, त्यात मला काही कमी वाटत नाही. पण मोबाइल हातात येण्याआधी मुलांनी एकदा तरी डब्यासमोर मिनिटभर उभं राहावं, असं मनापासून वाटतं.

अमृतमहोत्सवी वर्षात शाळेने ती सामानाची खोली मोकळी करून दिली, तर ब्रोमाइड पेपर, रसायनं आणि ट्रे यांचा खर्च मी करेन. दिवाळीनंतर मी छाटणीच्या कामातून मोकळा होतो. कोणत्याही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येऊ शकतो. आठवीच्या मुलांनी फक्त घरून झाकणासकट एकेक पत्र्याचा डबा आणावा.