लेव्हल केलेल्या एफ-150 ला मोठे टायर बसवताना: माझा अनुभव

कोलोरॅडोत पिकअप ट्रक घेतला की आज ना उद्या टायरचा विषय निघतोच. माझा ट्रक 2018 चा फोर्ड एफ-150, फोर बाय फोर, सेकंडहँड. आधीच्या मालकाने पुढच्या सस्पेन्शनवर दोन इंचांचे स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) टाकून तो लेव्हल करून ठेवला होता. कंपनीतून हे ट्रक मागून जरा उंच येतात, कारण माल भरला किंवा ट्रेलर जोडला की मागची बाजू खाली बसते. लेव्हल केला की रिकामा ट्रकही सपाट उभा राहतो आणि रुबाबदार दिसतो. मात्र त्या उंचावलेल्या मडगार्डखाली मूळचे 275/65 आर 18 टायर (275 मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या 65 टक्के, रिम 18 इंची) बारके वाटू लागतात.

दिसण्याचा भाग होताच, पण मला खरी गरज होती ती रोलिन्स पास या घाटासाठी. विंटर पार्क गावाच्या बाजूने वर चढणारा हा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. 1928 मध्ये मोफॅट बोगदा सुरू झाला, रेल्वे खालून जाऊ लागली आणि वर खड्डे नि दगड उरले. तिथे टायरची उंची आणि बाजूच्या भिंतीची जाडी, दोन्ही कामी येतात.

चौकशी सुरू केली की सगळीकडून एकच वाक्य ऐकू येतं: "लेव्हल केलाय ना, मग 35 इंची बिनधास्त बसतील." हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. स्पेसरमुळे टायरच्या वर जागा दिसते. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासतो तो पुढे बंपरखालच्या प्लॅस्टिकला, नाहीतर मागे चाकाच्या खोबणीतल्या काळ्या लायनरला. त्या पुढच्या-मागच्या जागेत स्पेसरने काहीच भर पडत नाही.

मग मी वही घेऊन बसलो. मूळ टायरचा व्यास साधारण 32.1 इंच. 275/70 आर 18 घेतला तर 33.2 इंच. रुंदी तीच, 275 मिलिमीटर. भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्क्यांऐवजी 70 टक्के, म्हणजे टायर सगळीकडून सुमारे 14 मिलिमीटरने वाढणार. प्रश्न फक्त या 14 मिलिमीटरचा होता. 35 इंची, साडेबारा इंच रुंद टायरला किमान साडेआठ इंच रुंदीची रिम लागते. माझ्या रिम साडेसात इंचांच्या. म्हणजे टायरसोबत चार नव्या रिम आल्याच.

आणि खरी मेख रिममध्येच आहे. टायरच्या व्यासावर लोक तासन् तास बोलतात, ऑफसेटचं नाव कोणी काढत नाही. ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू तिच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. माझ्या मूळ रिमचा ऑफसेट प्लस 44. दुकानात दाखवलेली रिम नऊ इंच रुंद आणि ऑफसेट शून्य. हिशेब केला तर रिमची बाहेरची कड 63 मिलिमीटर बाहेर जात होती. चाक जितकं बाहेर, तितका वळताना त्याचा फेरा मोठा, आणि तो फेरा थेट बंपरच्या कोपऱ्यात शिरतो. त्या रिमवर 33 इंची टायरही घासू शकतो. म्हणून मूळ रिम ठेवायच्या हे माझं पक्कं झालं. दिसायला दुसऱ्या रिम छान होत्या, यात वाद नाही.

मोजमापासाठी मी अर्धा इंच जाडीची प्लायवूडची पट्टी घेतली आणि तिला पुठ्ठा चिकटवून जाडी 14 मिलिमीटरवर आणली. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, टायर आणि प्लॅस्टिकच्या मधून ती पट्टी वरपासून खालपर्यंत फिरवली. नंतर तसंच दुसऱ्या बाजूला. शेवटी एक पुढचं चाक ड्राइव्हवेच्या कडेला लाकडी ठोकळ्यावर चढवून, स्प्रिंग दाबलेली असताना पुन्हा. पुढे पट्टी सहज गेली. मागच्या बाजूला, लायनर जिथे खाली दाराकडे वळतो तिथे, उजव्या चाकाशी ती अडकत होती. गेली, पण पुठ्ठा सोलून गेली.

इतक्यावर कॅलिफोर्नियातला माणूस कदाचित समाधान मानेल. इथे हिवाळ्यात आय-70 महामार्गावरून घरी येईपर्यंत चाकाच्या खोबणीत चिखलमिश्रित बर्फ थापला जातो आणि रात्रीत दगडासारखा गोठतो. उन्हाळ्यात जेमतेम न घासता फिरणारा टायर जानेवारीत त्यावर घासणार. मला आणखी बोटभर जागा हवी होती.

ती मिळाली अलाइनमेंटमधून. स्पेसर टाकल्यानंतर आधीच्या मालकाने अलाइनमेंट नीट करून घेतलेली दिसत नव्हती. कास्टर, म्हणजे बाजूने पाहताना स्टिअरिंगचा अक्ष मागे कलण्याचा कोन, कमी झाला होता. मेकॅनिकला सांगितलं, कास्टर कंपनीच्या मर्यादेतच, पण वरच्या टोकाकडे ठेवा. त्यासाठी सस्पेन्शनचा खालचा आर्म पुढे सरकवावा लागतो आणि त्याबरोबर अख्खं चाक काही मिलिमीटर पुढे येतं. पुढे जागा होतीच. उरलेलं काम हीट गनने केलं: लायनर गरम करून मागे दाबला आणि क्लिप लावून टाकली. पत्र्याला हात लावला नाही. टायरसाठी पत्रा कापणं मला मंजूर नाही.

टायर घेतले ते एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, ऑल-टेरेन, बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले. हे मूळ टायरपेक्षा जड असतात. उचल जरा मंदावली, मायलेजही उतरलं. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला हवेचा दाब साध्या टायरसाठी असतो, तेवढंच वजन पेलायला एलटीत जास्त हवा लागते. हे दुकानदाराकडून तक्त्यात बघून घ्या, अंदाजाने भरू नका. स्पीडोमीटरही सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवू लागतो: काट्यावर ताशी 65 मैल, खरा वेग 67 च्या पुढे. ट्रकच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचं माप बदलून जीपीएसशी ताडून पाहिलं.

बसवल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतला, गटाराच्या उतारावरून तिरका उतरवला, मग टॉर्च लावून लायनर पाहिला. कुठे चमकदार ओरखडा नाही. पहिल्या हिवाळ्यानंतरही नाही.

स्टेपनीचं मात्र आधीच ठरवा. मागच्या एकाच अॅक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाकं लांब पल्ल्याला चालवणं डिफरेन्शियलला मानवत नाही, म्हणून मी त्याच मापाचा पाचवा टायर घेतला. ट्रकखालच्या स्टेपनीच्या जागेत तो बसतो का, हेही पैसे देण्याआधी मोजून घेतलं होतं.