पोटातले दोन लिटर

घरी पोटाचं डायलिसिस चालतं त्या खोलीत पंख्याला मान नसतो. मूत्रपिंडं निकामी झाली की पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतला द्रव, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ‘पाणी’, आत सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरेपर्यंत काही तास ठेवायचं, मग बाहेर काढायचं, असं हे डायलिसिस. पिशवी जोडायची वेळ झाली की पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क. एप्रिलच्या उकाड्यात घाम कपाळावरून भुवईपर्यंत येतो, पण एकदा हात धुऊन झाले की तो पुसायचीही सोय नाही. धूळ उडू नये, नळीच्या उघड्या तोंडाशी जंतू जाऊ नयेत, म्हणून हे सगळं. दिवसातून तीन-चार वेळा. हा खरं तर पहिला त्रास, पण त्याला दुखणं कुणी म्हणत नाही.

सुई नाही, रक्त काढणं नाही, म्हणजे दुखत नसणार, असा भेटायला येणाऱ्यांचा समज असतो. दुखतं की! फक्त या दुखण्याला वेळेची शिस्त आहे. पाणी आत जातानाचं दुखणं वेगळं, बाहेर येतानाचं वेगळं आणि पाणी आत मुक्कामाला असताना जे होतं ते तिसरंच. म्हणून ‘पोटात दुखतंय’ असा फोन आला की डायलिसिसची नर्स आधी ‘किती?’ विचारत नाही, ‘कधी?’ विचारते.

आत जाताना दुखलं तर आधी पिशवीला हात लावून बघावा. थंड असेल तर पोटात कळ येते, अंगावर शहारा येतो. पाणी अंगाइतकं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास कोमट हवं. बाहेरचं वेष्टण न काढता पिशवी हीटिंग पॅडवर ठेवायची आणि बाळाच्या दुधासारखी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायची. गरम पाण्याच्या बादलीत पिशवी बुडवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण जोडणीच्या बेचक्यात ओल राहते आणि ओलीबरोबर जंतू. मायक्रोवेव्हही नको. त्यात पाणी एकसारखं तापत नाही, वरून कोमट लागलेली पिशवी आत कुठेतरी भाजण्याइतकी गरम असू शकते. ऐन वेळी वीज गेली तर न तापवलेल्या पाण्याने फारसं बिघडत नाही, थोडी हुडहुडी भरते. मात्र तेव्हा ते हळू सोडावं. विदर्भात मे महिन्यात प्रश्न नेमका उलटा होतो. तिथे पिशव्यांच्या खोक्यांसाठी घरातला सगळ्यात थंड कोपरा शोधावा लागतो.

पाणी कोमट असूनही पहिली काही मिनिटं आत जळजळतं, त्याचं कारण द्रवातच आहे. या पाण्यात ग्लुकोज असतं. निर्जंतुक करताना तापवलं की ते बिघडू नये म्हणून नेहमीचा द्रव मुद्दाम आम्लधर्मी ठेवलेला असतो, पीएच साधारण ५.५. रक्ताचा ७.४. शरीर काही वेळात ही तफावत भरून काढतं, म्हणून जळजळ आपोआप ओसरते. तोवर उपाय हाताशीच आहे. नळीवरचा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, अर्धवट आवळायचा, किंवा स्टँडवरची पिशवी वीतभर खाली घ्यायची. दहा मिनिटांत जाणारं पाणी वीस मिनिटांत गेलं तर काही अडत नाही. आधीचं थोडं पाणी पोटात शिल्लक ठेवून वर नवीन सोडलं तरी जळजळीची धार बोथट होते, पण किती ठेवायचं ते डॉक्टरांनी ठरवावं. दोन कप्प्यांच्या पिशव्यांतला, पीएच रक्ताजवळ असलेला द्रवही निघाला आहे. तो महाग पडतो आणि सगळीकडे मिळत नाही.

खांदा दुखतो तेव्हा माणूस खरा गोंधळतो. पाणी पोटात आणि कळ खांद्यात! नळीतली हवा आधी बाहेर काढली नाही तर ती पोटात शिरते, वर चढून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, म्हणजे डायफ्रॅमखाली जाऊन बसते. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच ठिकाणाहून येते, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. रोज पाणी सोडण्याआधी नव्या पिशवीतलं थोडं पाणी थेट रिकाम्या पिशवीत सोडून नळी धुवायची, ती पायरी जंतूंसाठी आहेच, या हवेसाठीही आहे. घाईत नेमकी तीच गाळली जाते. आत गेलेली हवा काही दिवसांत जिरते. पाणी काढताना गुडघे पोटाशी घेऊन ओणवं झालं तर लवकर निघते.

बाहेर येतानाच्या दुखण्याबद्दल लोक सहसा बोलतच नाहीत, कारण ते दुखतं नको त्या जागी: गुदद्वारापाशी, पुरुषांना लिंगाच्या टोकाशी. सांगायची लाज वाटते आणि महिनोन् महिने तसंच काढलं जातं. कारण अगदी साधं आहे. पोटातली सिलिकॉनची नळी अमेरिकेतल्या सिएटलचे डॉक्टर हेन्री टेंकहॉफ यांच्या नावाने ओळखली जाते. १९६८ मध्ये त्यांनी नळीभोवती दोन कापडी पट्ट्यांची रचना मांडली, अजूनही मूळ घडण तीच आहे. तिचं टोक ओटीपोटाच्या तळाशी असतं. पाणी आहे तोवर ते तरंगत असतं. पाणी संपत आलं की टोकाची भोकं आतड्याला नाहीतर पोटाच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि ओढ बसते. तेव्हा शेवटच्या घोटासाठी हट्ट धरू नये. धार तुटून थेंब पडायला लागले की बंद करावं. खालची पिशवी जमिनीवर ठेवण्याऐवजी पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवली की उंचीचा फरक कमी होतो आणि ओढही. कूस बदलूनही फरक पडतो. रात्री झोपेत मशीनने पाणी बदलणाऱ्यांसाठी ‘टायडल’ नावाची सोय असते, तिच्यात पोट दरवेळी पूर्ण रिकामं करत नाहीत.

इतकं करूनही पाणी अडत असेल, रेंगाळत असेल, तर नळीला दोष देण्याआधी विचारावं, पोट साफ झालंय का? बद्धकोष्ठ हा या डायलिसिसचा छुपा शत्रू. भरलेलं आतडं नळीला दाबतं, टोक जागेवरून हलवतं, आणि आतड्यातले जंतू पोटाच्या पोकळीत उतरण्याचीही भीती वाढते. यासाठी बहुधा लॅक्ट्युलोजचं सिरप देतात. घरात असलेलं मिल्क ऑफ मॅग्नेशिया मात्र घेऊ नये, कारण मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, आणि ती तर संपावर गेलेली.

मुक्कामाच्या पाण्याचा त्रास कळ म्हणून येत नाही, ओझं म्हणून येतो. दोन लिटर म्हणजे पुढच्या बाजूला दोन किलो. कंबर मागे झुकते आणि दुखते. पोटातला दाब आडवं असताना सगळ्यात कमी आणि बसलं की सगळ्यात जास्त. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, आंबट ढेकर येतात. त्यावर उपाय वेळापत्रकाचा. पाणी काढावं, जेवावं, मग नवीन सोडावं. थोडं थोडं, चार वेळा खाल्लं तर आणखी बरं. वजन उचलणं बंद. गंमत अशी की घरातलं सगळ्यात जड ओझं बहुतेक वेळा त्या पिशव्यांचंच असतं. पाच-सहा पिशव्यांचं खोकं दहा किलोच्या वर जातं, आणि ते सरकवायला रोगीच पुढे होतो. खोकताना किंवा उभं राहिल्यावर बेंबीजवळ फुगा येत असेल आणि आडवं झाल्यावर जात असेल, तर तो हर्निया समजून दाखवावा.

कपड्यांच्या नाडीचं वेगळं सांगायला हवं. नळी बाहेर येते ती जागा परकराच्या किंवा पायजम्याच्या नाडीखाली आली तर दिवसभर घासून लाल होते, मग दुखते, मग पिकते. म्हणून नळी बसवायच्या आधीच सर्जनला साडी नेसून दाखवावी, उभं राहून आणि बसून. ऑपरेशन झालेलं असेल तर नाडी वर किंवा खाली सरकवावी आणि नळी चिकटपट्टीने पोटावर पक्की करावी, म्हणजे ओढ जखमेवर येणार नाही.

हे सगळं क्लॅम्पने, स्टुलाने, नाडीने भागणारं. एक दुखणं मात्र असं नाही. बाहेर आलेल्या पाण्याच्या पिशवीखाली वर्तमानपत्र धरावं. अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ, अक्षरं पुसट, आणि पोट जाता-येता नव्हे तर सतत दुखतंय, तर तो पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला झालेला जंतुसंसर्ग, समजून त्याच दिवशी, रात्र असली तरी, फोन करायचा. पोट दुखत नसलं तरी गढूळ पाणी हे एकटंच पुरेसं कारण आहे. ती पिशवी ओतून टाकायची नाही, सोबत न्यायची. प्रयोगशाळेत एका मायक्रोलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पेशी, निघाल्या की निदान जवळपास झालंच. अँटिबायोटिक बहुतेक वेळा त्याच नळीतून, पिशवीत घालून देतात. पाळीच्या दिवसांत पाणी गुलाबी येणं ही वेगळी गोष्ट, ती बहुधा निरुपद्रवी असते, पण कळवावी.

तोवर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी दुखणं थांबवणारी गोळी घेऊन झोपायचं नाही. राहिलेली थोडीबहुत लघवी ही या डायलिसिसची मोठी ठेव आहे, आणि या गोळ्या तिच्यावरच हात मारतात. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घेता येतं. पण गढूळ पिशवी दिसली असेल तर गोळीआधी फोन.