ध्रुवची मारामारी मला का आवडते

आमच्या इंदुरात मराठी घरांतही कॉमिक्स हिंदीच वाचली जायची. आमच्याकडे ती खजुरी बाजारातून यायची, बहुतेक जुनी. त्यात माझा लाडका राज कॉमिक्सचा नायक, सुपर कमांडो ध्रुव. अनुपम सिन्हांनी 1987 मध्ये तो आणला. लिहिणारे तेच आणि चित्रं काढणारेही तेच, म्हणून गोष्ट आणि चित्र एकमेकांना सोडत नाहीत.

ज्युपिटर सर्कशीत कमावलेली कसरत, प्राण्यांशी संवाद आणि तल्लख डोकं, एवढ्यावर ध्रुव लढतो. त्यामुळे प्रत्येक मारामारी एक कोडं होते. कोपऱ्यातली पाण्याची टाकी किंवा लोंबणारी तार चौकटीत आधी दिसलेली असते, मग तीच कामी येते. वाचकाशी हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. राज कॉमिक्सच्याच दुसऱ्या नायकाच्या, नागराजच्या कथांत मात्र ऐन वेळी नवी शक्ती निघते आणि माझी उत्सुकता तिथेच विरते.

सिन्हांची उडी बघा! पाय कुठून सुटला, तोल कुठे गेला, सगळं रेषेत कळतं. मग संवादाच्या फुग्यांत इतका मजकूर कशाला? ठोसा मारता मारता ध्रुव स्वतःची युक्ती समजावत बसतो, तेव्हा चित्राचा वेग जातो. पुढे संगणकाचे चकचकीत रंग आले, त्यांनी तर शाईची रेषाच झाकली.

भावापासून, म्हणजे ध्रुवपासून, लपून चंडिका नावाची मुखवट्यातली नायिका होणारी श्वेता हे या मालिकेचं सगळ्यात सुंदर पात्र. तिला आणखी पानं मिळायला हवी होती.