बापलेकांमधला हिशेब

मी लातूरला शिकत असताना दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडून पैसे येत आणि ते नेहमी आडतीच्या हिशेबपट्टीत गुंडाळलेले असत. दादा, म्हणजे माझे वडील, ते पुडके गावच्या एस.टी.च्या वाहकाजवळ देत आणि मी बसस्थानकावर जाऊन घेत असे. पट्टीवर सोयाबीनची पोती, वजन, भाव आणि हमाली-तोलाई वजा जाता उरलेली रक्कम असे; मागच्या कोऱ्या बाजूवर दादांच्या अक्षरात एकच ओळ असे, ‘खोलीचे भाडे आधी देणे.’ वर मायना नाही, खाली सही नाही. घरात साधा कागद असताना ते पट्टीच का पाठवीत, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला, कथा-कादंबऱ्यांतले बापलेक लक्ष देऊन वाचू लागल्यावर.

एखाद्या कथेत बाप आणि मुलगा समोरासमोर बसून एकमेकांजवळ मन मोकळे करू लागले की माझा त्या कथेवरचा विश्वास उडतो. आमच्याकडे तरी असे कोणी बोलत नाही. जाणता लेखक या दोघांच्या मध्ये एखादी वस्तू ठेवतो, आणि जे बोलायचे ते तिच्याविषयी बोलायला लावतो.

प्रेमचंदांच्या ‘कफन’मध्ये ती वस्तू म्हणजे भाजलेले बटाटे. थंडीच्या रात्री विझलेल्या शेकोटीजवळ घीसू आणि त्याचा मुलगा माधव दुसऱ्याच्या शेतातून उकरून आणलेले बटाटे खात बसले आहेत आणि आत झोपडीत माधवची बायको बाळंतवेणांनी तडफडत आहे. बाप मुलाला आत जाऊन बघून ये म्हणतो, पण आपण उठलो तर बाप बटाट्यांचा मोठा वाटा फस्त करील या भीतीने मुलगा जागचा हलत नाही. या कथेतील क्रौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यानंतरचा संवाद अधिक अस्वस्थ करतो. घीसू वीस वर्षांपूर्वीच्या एका ठाकुराच्या वरातीतल्या जेवणाची आठवण सांगतो, माधव कौतुकाने विचारतो की तुम्ही वीसेक पुऱ्या तरी खाल्ल्या असतील, मी असतो तर पन्नास खाल्ल्या असत्या. त्यावर बाप म्हणतो की पन्नासपेक्षा कमी मीही खाल्ल्या नसतील, तू तर माझ्या निम्माही नाहीस. हे वाक्य मराठवाड्यातल्या कोणत्याही पारावर ऐकू येईल. बापाची बढाई, मुलाची ईर्ष्या आणि दोघांचा एकमेकांवरचा जीव या न खाल्लेल्या पुऱ्यांच्या मोजणीतून जितका दिसतो, तितका तो पानभर मनोगतातून दिसला नसता. पुढे कफनासाठी गोळा केलेल्या पैशांत ते दोघे गुत्त्यावर शेजारी बसून खरोखरच पुऱ्या खातात, तेव्हा त्यांच्याविषयी घृणा वाटत असतानाही ते मला परके वाटत नाहीत.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतल्या पांडुरंग सांगवीकराच्या आणि त्याच्या वडिलांच्या मध्ये पैसा आहे. पुण्यात तो उधळणारा पांडुरंग मी वसतिगृहात असताना मोठ्या आनंदाने वाचला होता. आता वाचताना माझे लक्ष पैसे पाठवणाऱ्याकडे जाते. वय वाढल्याचे याहून स्पष्ट लक्षण माझ्याजवळ दुसरे नाही.

रशियन लेखक तुर्गेन्येव्हच्या ‘फादर्स अँड सन्स’ या १८६२ सालच्या कादंबरीतला तरुण बझारोव्ह तीन वर्षांनी घरी येतो आणि तीनच दिवसांत निघून जातो. त्याचा म्हातारा बाप, लष्करातून निवृत्त झालेला डॉक्टर, मुलाला आपला जाच होऊ नये म्हणून इतका जपून वावरतो, की त्या जपण्याचाच मुलाला जाच होतो. मी ते प्रकरण एकदा पोळ्याला गावी जाताना गाडीत वाचले. घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने दादांनी विचारले, ‘परतीची गाडी कव्हाची हाय?’ जा असे त्यांना सुचवायचे नव्हते. किती दिवस आहे, एवढे विचारण्याची त्यांची ती रीत होती. पण हे समजायला मला रशियातून फिरून यावे लागले.

भास्कर चंदनशिव तर आमच्याच मातीतले. त्यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत बाजारात मातीमोल झालेले टोमॅटो बाप मुलाच्या डोळ्यांदेखत पायांखाली तुडवतो. शब्दांनी सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही उरलेले नसते, आणि मुलालाही विचारण्यासारखे काही राहत नाही. समीक्षक या कथेला शेतकऱ्याच्या शोषणाची कथा म्हणतात. ते योग्यच आहे, पण मुलाने बापाला हरताना पाहिले, हा तिच्यातला घाव मला त्याहून खोल वाटतो.

मागच्या दिवाळीत मी ही कथा दादांना मोठ्याने वाचून दाखवली. ते बाजेवर बसून सुपारी कातरत होते. शेवटाला आलो तेव्हा माझा आवाज थोडा बदलला असावा, कारण अडकित्ता थांबला. बराच वेळ ते अंगणातल्या वाळवणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘भाव काय फुटला होता म्हने त्या दिवशी?’

मी पाने मागे उलटून पुन्हा वाचू लागलो.